तोतया

बॉस्टनच्या डिसेंबरात नुसत्या स्वेटरवर भागत नाही. कानटोपी ओढून घ्या, चिल्ड्रन्स हॉस्पिटलात शिरा आणि वॉर्डाकडे न वळता थेट तळघरात उतरा. साल 1947.

इथे डॉ. सिडनी फार्बर बसतात. पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे मूल गेल्यावर ज्यांच्याकडे येतं ते डॉक्टर. मायक्रोस्कोपला डोळा लावा. काचेवर दोन वर्षांच्या एका मुलाचं रक्त आहे. जांभळे ठिपके नुसते एकमेकांना खेटलेत. साऱ्या कच्च्या पांढऱ्या पेशी. ल्युकेमिया. यावर आज औषध नाही.

फार्बरना एक गोष्ट खटकली आहे. फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व दिलं, की हा रोग उलट चेकाळतो. मग पेशींना त्याचा तोतयाच खाऊ घातला तर? रूप तेच, पण पोषण शून्य.

तो तोतया येतो लेडर्ली कंपनीतून. तिथले संशोधनप्रमुख यल्लाप्रगडा सुब्बाराव, मूळचे भीमावरमचे. मद्रासला वैद्यक शिकून ते बॉस्टनला आले तेव्हा पोटासाठी शेजारच्याच हॉस्पिटलात रात्रपाळीला वॉर्डबॉयची कामं करत होते. अमेरिकेत डॉक्टरकी करायचा परवाना नव्हता ना!

28 डिसेंबर. आता वर चला. सिरिंजमध्ये पिवळसर द्रव आहे, ॲमिनोप्टेरिन. निवासी डॉक्टर कुरकुरतात, मरणाऱ्या पोराला आणखी किती टोचायचं? त्यांना खलनायक ठरवू नका. सप्टेंबरात याच मुलावर सुरू केलेलं आधीचं औषध फुकट गेलं होतं. आणि हेही काही सौम्य नाही. याने मुलांचं तोंड येतं, गिळताना जीव जातो.

पण पांढऱ्या पेशींचा आकडा उतरू लागतो. प्लीहेमुळे फुगलेलं पोट बसतं. पोरगा खायला मागतो.

जूनमध्ये फार्बरांचा लेख छापून येईल: 16 मुलं, 10 जणांत सुधारणा, आणि शीर्षकातच ‘तात्पुरती’ हा शब्द. रोग उलटणार हे त्यांना दिसत होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. मला त्यांच्या शोधाइतकाच तो शब्द मोठा वाटतो.

पण तो लेख अजून लांब आहे. जानेवारी उजाडलाय. दोन महिन्यांनी पहिल्यांदाच पोरगा आपल्या पायांनी दवाखान्यात येतोय. कपडे ढगळ झालेत त्याला. तुम्ही तेवढं दार धरा, जड आहे.