भुकेल्या देशासाठीं एक धाव

परोपकाराचे मार्ग अनेक आहेत. कोणी धन देतो, कोणी धान्य देतो, कोणी आपला वेळ व विद्या देतो. परंतु ज्याच्यापाशीं धनहि नाहीं व धान्यहि नाहीं, त्यानें काय द्यावें? या प्रश्नाचें उत्तर १९४६ सालीं एका ग्रीक धावपटूनें आपल्या पायांनीं दिलें. मॅरेथॉन धावून धर्मादायासाठीं पैसा उभारण्याची रीत आज जगभर रूढ आहे. तिच्या आरंभींच्या कथांपैकीं ही एक असल्यामुळें ती आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहोंत.

मॅरेथॉन हें ग्रीस देशांतील एका रणक्षेत्राचें नांव. ख्रिस्तपूर्व ४९० मध्यें तेथें अथेन्सच्या लोकांनीं इराणी सैन्याचा पराभव केला, आणि एका दूतानें ती वार्ता धावत नगरांत पोंचवून प्राण सोडला, अशी आख्यायिका आहे. तिच्या स्मरणार्थ १८९६ च्या ऑलिंपिक सामन्यांत ही शर्यत प्रथम झाली, व १८९७ पासून अमेरिकेंतील बोस्टन शहरीं ती दरवर्षीं होऊं लागली. पुढें तिचें अंतर ४२.१९५ किलोमीटर ठरलें.

आमच्या कथेचा नायक स्टिलियानोस किरियाकिदिस याचा जन्म १९१० सालीं सायप्रस बेटांत झाला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्यें मॅरेथॉन शर्यतींत त्याचा अकरावा क्रमांक आला. १९३८ मध्यें तो बोस्टनला धावला, पण पायांस फोड येऊन त्याला शर्यत सोडावी लागली. पुढें महायुद्ध आलें. १९४१ पासून १९४४ पर्यंत ग्रीस शत्रूच्या ताब्यांत होता. १९४१-४२ च्या हिवाळ्यांत असा दुष्काळ पडला कीं अथेन्सच्या रस्त्यांत माणसें अन्नावांचून कोसळून मेलीं. युद्ध संपलें तरी भूक संपली नाहीं. किरियाकिदिस अथेन्समधील विजेच्या कंपनींत नोकरीस होता; इतरांबरोबर तोहि वाळला होता. तरी घरांतील सामान विकून त्यानें बोस्टनची वाट धरली. त्याची कृश काया पाहून तेथील डॉक्टर त्याला धावूं देण्यास कचरले, असें सांगतात.

२० एप्रिल १९४६, पुनरुत्थानाच्या सणाचा आदला दिवस. बोस्टनची ती पन्नासावी शर्यत होती. आदल्या वर्षींचा विजेता जॉन केली अखेरच्या टप्प्यापर्यंत त्याच्या बरोबरीनें होता. परंतु शेवटीं ग्रीक धावपटू पुढें निघाला व २ तास २९ मिनिटें २७ सेकंदांत त्यानें शर्यत जिंकली. विजयानंतर त्यानें स्वतःसाठीं कांहीं मागितलें नाहीं. आपल्या देशबांधवांसाठीं अन्न, वस्त्र व औषधें मागितलीं. याच कामासाठीं तो कांहीं आठवडे अमेरिकेंतच राहिला. मदत जमली, आणि मे महिन्यांत तो परतला तेव्हां अथेन्सचे लोक त्याच्या स्वागतास लोटले.

वस्तुतः धावण्यानें कोणाचें पोट भरत नाहीं. दाणा दिला तो दात्यांनीं. मग किरियाकिदिसनें काय केलें? दूरच्या भुकेला त्यानें चेहरा दिला. भुकेल्यांसाठीं मागणारा स्वतःच भुकेला आहे, हें ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें, त्यांना दुसरा पुरावा नको होता.

हेंच सामर्थ्य पुढें कॅनडांत दिसलें. टेरी फॉक्स या तरुणाचा उजवा पाय कर्करोगामुळें १९७७ मध्यें कापावा लागला. १२ एप्रिल १९८० पासून तो कृत्रिम पायानें रोज सुमारें एक मॅरेथॉन धावूं लागला, तो कर्करोगाच्या संशोधनासाठीं दर देशबांधवामागें एक डॉलर मिळावा म्हणून. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर रोग फुप्फुसांत शिरला. १९८१ च्या जून महिन्यांत तो वारला. परंतु त्यापूर्वींच निधि २ कोटि ४० लक्ष डॉलरांवर गेला होता. त्याच वर्षीं लंडनची मॅरेथॉन सुरू झाली, आणि २००४ सालीं आपल्या मुंबईची. या दोन्ही ठिकाणीं हजारों सामान्य माणसें आप्तेष्टांकडून वर्गणी घेऊन संस्थांसाठीं धावतात.

या रीतींत एक धोकाहि आहे. धावणाऱ्याचें कौतुक मोठें झालें कीं ज्याच्यासाठीं धावावयाचें तो दीन विसरला जातो. मग पदक गळ्यांत उरतें व परोपकार वाटेंत पडतो. किरियाकिदिसनें विजयाच्या क्षणीं प्रथम भाकरीचें नांव घेतलें. ज्या सत्कर्मांत आपणांस टाळ्या मिळतात, त्या प्रत्येक वेळीं, वाचकहो, आपण त्याची ही गोष्ट आठवावी, इतकीच आमची विनंति आहे.