‘तसाच’ भाग

शाळेच्या विहिरीवरचा पंप जळाला की आपण ‘तसाच’ दुसरा आणायला जातो. दुकानदार म्हणतो, ते मॉडेल आता येत नाही, हे घ्या, काम तेच. पंपाच्या बाबतीत हे चालून जातं. अणुवीजकेंद्रात चालेल का? आणि ते ठरवायचं कोणी?

अमेरिकेत १९६२ साली यासाठी एक नियम झाला. तो ‘कलम ५०.५९’ म्हणून ओळखला जातो. केंद्राला परवाना देताना त्याच्या सुरक्षिततेचा सविस्तर अहवाल तपासला जातो. पण पुढच्या तीस-चाळीस वर्षांत व्हॉल्व्ह, पंप, केबली बदलाव्याच लागतात. दर वेळी परवानगी मागायची तर केंद्र चालणार कधी? म्हणून कलम सांगतं, की बदलामुळे अपघाताची शक्यता किंवा परिणाम वाढत नसतील, नव्याच प्रकारचा अपघात संभवत नसेल, तर चालकाने स्वतः तसं तपासून, नोंदवून काम करावं. नाहीतर परवान्यात दुरुस्ती मागावी. मग नियामकांची छाननी होते आणि लोकांनाही सुनावणी मागता येते. १९९९ साली शब्द थोडे सैल झाले. ‘किरकोळ’पेक्षा जास्त वाढ असेल तरच परवानगी हवी, असं ठरलं. नियम तसा व्यवहार्य आहे. खोच एवढीच, की बाहेरच्या तपासणीची गरज आहे की नाही, हे आधी चालकच ठरवतो.

कॅलिफोर्नियात पॅसिफिकच्या किनाऱ्यावर सॅन ओनोफ्रे नावाचं केंद्र होतं. तिथल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या अणुभट्टीचे स्टीम जनरेटर झिजले, म्हणून २०१० आणि २०११ साली नवे बसवले. स्टीम जनरेटर म्हणजे एक प्रचंड उभं भांडं. त्यात उलट्या ‘यू’ आकाराच्या हजारो नळ्या असतात. नळ्यांच्या आतून अणुभट्टीतलं तप्त, किरणोत्सारी पाणी वाहतं. बाहेरच्या स्वच्छ पाण्याची वाफ होऊन ती टर्बाइन फिरवते. दोन्ही पाण्यांमध्ये भिंत असते ती नळीची, जाडी जेमतेम एक मिलिमीटर.

नव्या जनरेटरचं काम तेच होतं, रचना मात्र तंतोतंत तीच नव्हती. नळ्यांचा मिश्रधातू बदलला. तो गंजाला जास्त टिकतो, पण उष्णता थोडी कमी वाहतो. भरपाई म्हणून नळ्या ९,३५० वरून ९,७२७ झाल्या. त्यांना जागा हवी म्हणून मधला आधारस्तंभ काढला. नळ्यांचे आधारही बदलले. एकेक बदल पाहिला तर समंजस वाटतो. काही तांत्रिक मर्यादांपुरती परवानादुरुस्ती झाली. मूळ रचनाबदल मात्र कलम ५०.५९ खाली चालकाच्या स्वतःच्या तपासणीवर पार पडला.

३१ जानेवारी २०१२ रोजी तिसऱ्या अणुभट्टीतली एक नळी गळू लागली. नवे जनरेटर सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. बाहेर पडलेली किरणोत्सारिता अत्यल्प होती, इजा कोणालाच झाली नाही. पण तपासणीत हजारो नळ्या घासलेल्या आढळल्या आणि दाबाच्या चाचणीत आठ नळ्या टिकल्या नाहीत.

कारण भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना आवडेल असं आहे. वेगाने जाणारी वाफ नळ्यांना हलवते. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की प्रत्येक हेलकाव्यात प्रवाहच नळीला आणखी ऊर्जा देतो, आणि कंपन वाढत जातं. हे टाळायला नळ्यांच्या रांगांमध्ये पट्ट्या होत्या. पण पुस्तकाच्या पानांमध्ये पुठ्ठे घातले तर पान उलटत नाही, सरकू मात्र शकतं. तशा या नळ्या आपल्याच प्रतलात हलल्या आणि शेजारच्या नळ्यांवर आपटल्या. वापरातल्या जनरेटरमध्ये असं याआधी आढळलं नव्हतं. शिवाय रचनाकारांच्या संगणकाने वाफेचा जो वेग काढला होता, त्याच्या तीन ते चार पट वेग प्रत्यक्षात होता.

पूर्ण छाननी झाली असती तर चूक सापडली असती का? मला खात्री वाटत नाही. त्याच संगणकाचे आकडे छाननीलाही मिळाले असते. पण स्तंभ का काढला, वाफ आता कुठून जाईल, हे प्रश्न बाहेरच्या माणसाने विचारले असते.

पुढे चालकाने दुसरी अणुभट्टी ७० टक्के क्षमतेने चालवायची परवानगी मागितली. १३ मे २०१३ रोजी परवानाविषयक न्यायमंडळाने ठरवलं, की हा परवान्यातलाच बदल आहे आणि लोकांना सुनावणी मागण्याचा हक्क आहे. ७ जूनला दोन्ही अणुभट्ट्या कायमच्या बंद करण्याची घोषणा झाली. २०१४ साली नियामक आयोगाच्याच महानिरीक्षकांनी नोंदवलं, की आयोगाच्या निरीक्षकांना चालकाच्या तपासणीतल्या उणिवा हेरायची संधी होती, ती हुकली.