काळ्या-सोनेरी जर्सीची कुळकथा

प्रातिनिधिक संघ कागदावर उभा करायला निवड समितीची एक बैठक पुरते. लोकांनी तो आपला मानायला मात्र पिढ्या जाव्या लागतात. इंग्लंडच्या नैऋत्य टोकावरच्या कॉर्नवॉल कौंटीचा हौशी रग्बी युनियन संघ हे याचं ठळक उदाहरण. रेडरुथचा क्लब १८७५ चा, कॅम्बोर्नचा १८७८ चा. दोन्ही गावं तांब्याच्या आणि कथलाच्या खाणींची, एकमेकांपासून जेमतेम पाच-सहा किलोमीटरवरची आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशीच्या सामन्यात एकमेकांना हार न जाणारी. १८८९ मध्ये आंतरकौंटी स्पर्धा सुरू झाली, तेव्हा कौंटी हे निवडीचं सोयीचं एकक होतं, एवढंच. या सोयीतून कॉर्नवॉलमध्ये जिव्हाळा उपजला, तो खाणींच्या पडझडीमुळे, असं माझं म्हणणं आहे.

पहिला पुरावा १८९५ चा. त्या वर्षी उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी हडर्सफील्डला वेगळी चूल मांडली. शनिवारी खेळायला गेलेल्या कामगाराची मजुरी बुडते, ती क्लबाने भरून द्यावी, ही त्यांची मागणी होती आणि हौशीपणाच्या नियमात ती बसत नव्हती. पहिल्या आठ कौंटी स्पर्धांपैकी सात जिंकणाऱ्या यॉर्कशरचं बळ या फुटीने खचलं. मजुरी तर कॉर्नवॉलच्या खाणकामगाराचीही बुडत होती. मग तो का फुटला नाही? अंतर हे एक कारण झालंच. पण त्याहून मोठं कारण मला असं दिसतं, की उत्तरेत क्लबामागे गिरणीचं शहर होतं, फाटकावर जमणारा गल्ला होता. कॉर्नवॉलमध्ये मोठं शहरच नव्हतं. लहान लहान गावांना एकत्र आणणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे कौंटीचा संघ. वर्षभर हाडवैर जपणारे रेडरुथ आणि कॅम्बोर्नचे खेळाडू त्याच काळ्या-सोनेरी आडव्या पट्ट्यांच्या जर्सीत खांद्याला खांदा लावायचे, आणि रेडरुथच्या मैदानातल्या ‘हेलफायर कॉर्नर’ला दोन्ही गावांचा आवाज एकाच बाजूने उठायचा.

दुसरा पुरावा स्थलांतराचा. १८६६ मध्ये तांब्याचा धंदा बसला आणि खाणकामगार जगभर पांगले: ऑस्ट्रेलिया, अमेरिका, दक्षिण आफ्रिका, अगदी आपल्याकडच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत. परमुलखात त्यांना ‘कझिन जॅक’ हे नाव पडलं. त्यांच्यातलाच जेम्स डेव्ही दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत काम करून परतला आणि कॉर्नवॉलकडून खेळला. १९०८ मध्ये कॉर्नवॉलने रेडरुथला डरहॅमचा १७–३ असा पाडाव करून पहिलं कौंटी विजेतेपद मिळवलं. विजेती कौंटी म्हणून त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये ग्रेट ब्रिटनच्या नावाने तिलाच उतरवण्यात आलं. ऑस्ट्रेलियाने ३२–३ अशी धूळ चारली. स्पर्धेत संघच दोन होते, तेव्हा या रौप्यपदकाला काय किंमत, असं कोणी म्हणेल. खेळाच्या दर्जापुरतं ते खरंच आहे. पण ज्या मुलखाची माणसं पोटासाठी पृथ्वीच्या पाठीवर विखुरली होती, त्याच्या नावामागे एक देश उभा राहिला. दूर देशीच्या खाणकामगाराला गावची पत सांगायला तेवढं पुरेसं होतं.

एक आक्षेप याहून वजनदार आहे: हे प्रेम विजयाचं, मातीचं नव्हे. तसं असतं तर १९०८ नंतरच्या ८३ कोरड्या वर्षांत ते आटलं असतं. उलट १९८५ मध्ये कथलाचा भाव कोसळला, १९९० मध्ये गीव्होर खाण बंद पडली आणि नेमक्या त्याच काळात संघामागची गर्दी वाढत गेली. १९८९ ची अंतिम लढत कॉर्नवॉलने गमावली. तरी १९९१ मध्ये ट्विकनहॅमचे सज्जे काळ्या-सोनेरी रंगाने भरले. समोर यॉर्कशर होतं. ३–१६ अशा पिछाडीवरून कॉर्नवॉलने बरोबरी साधली आणि जादा वेळेत सामना २९–२० असा जिंकला. ‘ट्रेलॉनीची फौज’ म्हणवणाऱ्या त्या प्रेक्षकांना नोकरी देणाऱ्या खाणी एकामागून एक मिटत होत्या. सगळ्यांनी मिळून आपलं म्हणावं असं जे उरलं होतं, त्यात हा संघ होता. १९९८ मध्ये साउथ क्रॉफ्टी ही शेवटची खाण मिटली आणि पुढच्याच वर्षी ग्लॉस्टरशरला हरवून कॉर्नवॉल पुन्हा विजेतं झालं. खाण गेली म्हणून चषक आला, असं मी म्हणत नाही. खाण गेल्यावर चषकाचं मोल वाढलं, एवढंच माझं म्हणणं.

१९९५ मध्ये रग्बी युनियन व्यावसायिक झालं आणि अव्वल खेळाडू कौंटीपासून दुरावले. मग उरलेल्या संघाला प्रातिनिधिक म्हणावं का? प्रातिनिधिक म्हणजे सर्वोत्तम, असं धरलं तर नाही. पण २०१५ आणि २०१६ ची विजेतेपदं मिळवणारे खेळाडू प्रेक्षकांसारखेच आठवडाभर नोकरीधंदा करून शनिवारी मैदानात उतरणारे होते. प्रतिनिधी आपल्यातला असावा, ही प्रतिनिधित्वाची मूळ अट आहे. ती अट पैशाच्या खेळाने मोडली, कॉर्नवॉलच्या हौशी संघाने पाळली. म्हणूनच असे संघ जुन्या काळाचे अवशेष म्हणून मोडीत काढणाऱ्या प्रशासकांनी आधी हा हिशेब मांडावा: त्यांच्या जागी एवढ्या गावांना एकत्र बांधणारं दुसरं काय ते देणार आहेत?