गेटच्या पोटात काय दडलंय?

मंडळी, वरळीच्या बीडीडी चाळींतून गावी जाणाऱ्या मनिऑर्डरीच्या फॉर्मवर दोन ओळी लिहायला जागा असायची. खरं काम पैसे पोचवण्याचं, पण खुशालीही चालायची. उलट अंतर्देशीय पत्रावर छापलेलंच असायचं, आत काही घालू नका. कशात काय चालेल हे पोस्टखात्याने आधीच सांगून टाकलं होतं. एचटीटीपीला तेवढ्यासाठी तीसेक वर्षं लागली!

१९९१ मध्ये गेट म्हणजे एकच ओळ, बॉडीचा प्रश्नच नव्हता. घोळ घातला तो १९९९ च्या आरएफसी २६१६ ने. ज्या मेथडला बॉडी चालत नाही तिच्यासोबत ती पाठवू नका. आणि बॉडीला अर्थच ठरवलेला नसेल तर सर्व्हरने तिच्याकडे दुर्लक्ष करावं. मग गेटला चालते की नाही? ज्याने त्याने सोयीचा अर्थ लावला.

जावाच्या एचटीटीपीयूआरएलकनेक्शनने तर कमालच केली. गेट सांगून बॉडी लिहायला घेतली की ते गुपचूप त्याचं पोस्ट करतं! एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट बॉडी न बोलता टाकून देतं, फेच निदान एरर तरी फेकतं. कर्ल सांगाल ते निमूटपणे पाठवतं. अशात २०१० मध्ये इलॅस्टिकसर्च आलं, शोधाचा अख्खा जेसन गेटच्या बॉडीत घेऊन. (पोस्टही चालतं त्याला, पण उदाहरणं गेटचीच.) अपाचे एचटीटीपीक्लायंट ४ च्या गेटला बॉडीच नव्हती, मग लोकांनी आपापले क्लास लिहिले.

"पाठवू द्या की, काय बिघडतं?" बिघडतं. मधला कॅशे साधारणपणे यूआरएल बघतो, बॉडी नाही. एकाचं उत्तर दुसऱ्याला जाऊ शकतं. शिवाय बॉडी कुठे संपते यावर प्रॉक्सी आणि सर्व्हरचं एकमत नसेल, तर उरलेला तुकडा पुढची रिक्वेस्ट म्हणून वाचला जातो. रिक्वेस्ट स्मगलिंगचा हा प्रकार २००५ मध्येच मांडला गेला होता. शेवटी जून २०२२ च्या आरएफसी ९११० ने सांगितलं, समोरच्या मूळ सर्व्हरने आधी होकार दिला नसेल तर गेटसोबत बॉडी पाठवू नये.

माझं मत विचाराल, तर लायब्ररीने गेटला मुद्दाम परवानगी मागावी, नसेल तर एरर द्यावा. मेथड परस्पर बदलणं हा मात्र सगळ्यात वाईट मार्ग. बाकीच्यांना सरसकट अडवूही नये, कारण वेबडॅव्हच्या प्रॉपफाइंडला १९९९ पासून रीतसर बॉडी आहे.