परवलीचा शब्द

गेल्या लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळची गोष्ट. दारात पणत्या लागल्या होत्या, फराळाची ताटे भरली होती आणि माझी वृद्ध आई खुर्चीत बसून धाकट्या नातवाची वाट पाहत होती. हा माझा भाचा फौजेत आहे. आठ वाजता तो तिकडून फोन करणार आणि पडद्यावर आजीला दिसणार, असे ठरले होते. आमच्या राधानगरीच्या डोंगरझाडीत मोबाईलची रेंज असली तर असते. म्हणून सारी भिस्त घरातल्या वायफायवर. पण माझा जुना फोन आदल्याच दिवशी पाण्याच्या घंगाळात पडून गतप्राण झालेला. घरात वायफायला जोडलेले यंत्र तेवढेच. नवा फोन हाती घेतला, तो त्याने पासवर्ड विचारला. आजोळी आलेला थोरला भाचा म्हणाला, "मामा, सांगा की." आणि मामांना तो काही केल्या आठवेना!

वाचकहो, पासवर्ड हे नाव नवे असले तरी वस्तू फार जुनी आहे. मराठीत आपण तिला परवलीचा शब्द म्हणतो. रात्री पहारेकऱ्याने हटकावे, येणाऱ्याने ठरलेला शब्द उच्चारावा आणि मग वाट मोकळी व्हावी, ही जगभरच्या फौजांची रीत. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने रोमन छावणीचे वर्णन लिहून ठेवले आहे. रोज सूर्यास्ताला अधिकाऱ्याच्या तंबूतून त्या रात्रीचा शब्द एका लाकडी पाटीवर लिहून मिळे. ती पाटी तुकडी-तुकडीतून फिरून अंधार पडण्यापूर्वी अधिकाऱ्याकडे परत यायची. परत न आली, तर ती कोठे अडकली याची चौकशी होई. जग जिंकणाऱ्या त्या लोकांनीही शब्द केवळ स्मरणावर सोपविला नाही, लिहून फिरविला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दार बंद झाल्यावर घरी कसे पोचायचे, याची आपल्याकडची कथा रायगडावरच्या हिरकणीची. दूध घालायला आलेली गवळण गडावर अडकली. दिवस मावळला, दरवाजे मिटले, घरी तान्हे मूल. पहारेकऱ्यांनी तिची कळकळ ऐकली, पण नियमापुढे त्यांचा इलाज नव्हता. अखेर ती काळोखात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा गौरव केला आणि तिच्या वाटेवर बुरूज बांधून ती वाट बंदही केली, असे लोक सांगतात. ही दंतकथाच, पण तिच्यात मोठे शहाणपण आहे. आईला जी वाट सापडते, ती उद्या शत्रूलाही सापडेल.

यंत्रांच्या दुनियेत परवलीचा शब्द शिरला तो १९६१च्या सुमारास, अमेरिकेतील एम. आय. टी. या विद्यापीठात. फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी सोय केली. तेव्हा प्रत्येकाचे कागद प्रत्येकापाशी राहावेत म्हणून ज्याला त्याला एकेक शब्द दिला. पण १९६२ साली अॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला मिळणारा वेळ पुरेना, म्हणून त्याने सर्वांच्या शब्दांची यादीच छापून घेतली! पुढे १९६६ साली एका चुकीने तीच यादी, रोजच्या सूचनेच्या जागी, प्रत्येक येणाऱ्याच्या समोर झळकली. कुलपाइतकाच कुलपाचा गोंधळही जुना आहे म्हणायचा.

घरातल्या बिनतारी यंत्राची कहाणी आणखी निराळी. १९३३च्या कायद्याने घरच्या रेडिओलासुद्धा परवाना लागे. तो काढायला लोक पोस्टात जात, आणि ही रीत १९८०च्या दशकापर्यंत टिकली. वायफाय ज्या लहरींवर चालते त्यांतला एक पट्टा सरकारने २००५ साली विनापरवाना मोकळा केला. परवाना गेला, पण लाटा भिंतीला जुमानत नाहीत. तेव्हा राखणीला शब्द हवाच. १९९७ची पहिली राखण २००१पर्यंत फोडली गेली, आणि २००४ साली अधिक बळकट आली. तिच्यातला शब्द किमान आठ अक्षरांचा. गंमत अशी, की तो शब्द हवेतून पाठविलाच जात नाही. आपल्याला तो ठाऊक आहे एवढेच फोन आणि राउटर एकमेकांना गणिताने पटवून देतात. विसरभोळ्यांसाठी मागे आठ आकड्यांच्या क्रमांकाची एक सोपी वाटही ठेवली होती. पण यंत्र तो क्रमांक दोन तुकड्यांत तपासते, त्यामुळे सुमारे अकरा हजार प्रयत्नांत तो कुणालाही सापडेल, हे २०११ साली उघड झाले. तिथेही मग बुरूज बांधावा लागला.

आमच्या गावच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी पूर्ण पातळीला चढले की ते आपण होऊन उघडतात. त्यांना पाण्याचा भार कळतो, माणसाचा चेहरा कळत नाही. राउटरचेही तसेच. रायगडचा पहारेकरी निदान हिरकणीचे गाऱ्हाणे ऐकत तरी होता. या डबीपुढे गाऱ्हाणे घालायचे कुणी?

मी डबी उलटी केली. खाली चिकटविलेल्या कागदावर कारखान्यातला मूळ शब्द होता. तो घालून पाहिला, पण आमचा शब्द मागाहून बदललेला. मागच्या बाजूला एक बारीकसे भोक दिसले. त्यात टाचणी खुपसून दहा-पंधरा सेकंद दाबले की सारे पूर्ववत होते, असे ऐकून होतो. टाचणी घेऊन सरसावलो, तोच भाचा ओरडला, "मामा, थांबा! त्यानं मूळ शब्द परत येईल. पण इंटरनेटवाल्यांनी भरून दिलेलं जोडणीचं नाव न् तिचा पासवर्डही बहुतेक पुसला जाईल. तो तुमच्याकडं लिहिलेला आहे?" नव्हता. आणि सणासुदीच्या रात्री तो विचारायचा कुणाला?

आठाला दहा मिनिटे होती. ज्या पोराने हे सारे बसवून दिले, त्याला भाच्याच्या फोनवरून कशीबशी रेंज धरून विचारले. तो म्हणाला, "सर, तुम्हाला दोनदा सांगितला होता!"

तेव्हा आई खुर्चीतून म्हणाली, "अरे, माझी दुधाची वही बघ की. तो सांगत होता तवा मी लिहून ठेवलंय."

वहीच्या शेवटच्या पानावर, दुधाच्या हिशेबाखाली, देवनागरीत ओळ होती: आधी 'आर मोठा', मग एकेका इंग्रजी अक्षराचा उच्चार, शेवटी चार आकडे. पहिल्या खेपेला 'मोठा' याचा अर्थ आम्हांला उमगला नाही. दुसऱ्या खेपेला उमगला, आणि फोन जोडला गेला.

आठ वाजून गेल्यावर पडद्यावर धाकट्याचा चेहरा उमटला. आईने पदर डोळ्यांना लावला आणि विचारले, "जेवलास का?"

दुसऱ्या दिवशी मी जोडणीचे नाव आणि तिचा शब्द विचारून घेतला, आणि त्याच वहीत, आईच्या ओळीखाली, तिच्याच हाताने लिहवून ठेवला.