दुसऱ्याची हिरवळ

गवत आपोआप वाढतें. हिरवळ मात्र कधींच आपोआप होत नाहीं. ती राखावी लागते, आणि ती राखणारे हात बहुतेक वेळां मालकाचे नसतात. इंग्लंडांतील जमीनदारांच्या वाड्यांपुढें पसरलेलीं हिरवीं पटांगणें पाहून प्रवासी थक्क होत. परंतु पहाटे दंव वाळण्यापूर्वींच लांब दांड्याच्या विळ्यांनीं तें गवत कापून जाणारे मजूर त्यांच्या दृष्टीस क्वचितच पडत. ओलें गवत विळ्यानें साफ कापलें जातें, म्हणून ही अवेळ. एवढ्या माणसांची मजुरी ज्याला परवडे, त्याच्याच दारीं हिरवळ असे. १८३० सालीं ग्लॉस्टरशर परगण्यांतील स्ट्राउड गांवीं एडविन बडिंग यानें गवत कापण्याचें यंत्र काढलें. लोकरी कापडावरील लव कातरणारें फिरत्या पात्यांचें यंत्र तेथील गिरण्यांत होतें; तीच युक्ति त्यानें गवताला लावली. हिरवळ मध्यमवर्गाच्या आटोक्यांत आली, आणि पुढें अमेरिकेंतील उपनगरांत तर ती घराघराचा जणूं गणवेषच होऊन बसली. पण यंत्र आलें तरी तें ढकलणारा माणूस लागतोच. हा माणूस कोण होता, या प्रश्नाचें उत्तर कॅलिफोर्नियाच्या इतिहासांत शोधण्यासारखें आहे.

लॉस एंजेलिस हें शहर मुळांत कोरड्या मुलखांतलें. तेथील पाऊस हिवाळ्यांतला, आणि तोहि बेताचा. अशा ठिकाणीं बारमाही हिरवळ ठेवणें म्हणजे निसर्गाशीं मांडलेला हट्टच होय. वाढत्या शहराची तहान भागविण्यासाठीं विल्यम मुल्हॉलंड या अभियंत्यानें २३३ मैल लांबीचा जलमार्ग बांधला. सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्व पायथ्याच्या ओवेन्स खोऱ्यांतील पाणी, एकहि पंप न लावतां केवळ उतारानें वाहत, ५ नोव्हेंबर १९१३ रोजीं शहराच्या वेशीवर येऊन पोंचलें.

त्याच वर्षीं त्याच राज्यानें एक कायदा केला. ज्या परदेशी मनुष्यास अमेरिकेचें नागरिकत्व मिळूं शकत नाहीं, त्यास शेतजमीन विकत घेतां येणार नाहीं, असा त्याचा आशय होता. जपानी लोकांचें नांव त्या कायद्यांत कोठेंहि नव्हतें. रोख मात्र मुख्यतः त्यांच्यावरच होता. १९२० सालीं खंडानें जमीन करण्याची वाटहि बंद झाली. १९२२ सालीं ताकाओ ओझावा यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें जपानी मनुष्य नागरिक होऊं शकत नाहीं असा निवाडा दिला, आणि पुढच्याच वर्षीं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यांत तोच दरवाजा हिंदी माणसालाहि बंद झाला. थिंड यांचे वकील होते लॉस एंजेलिसचे सखाराम गणेश पंडित. या निवाड्यानंतर सरकारनें खुद्द पंडितांचेंच नागरिकत्व काढून घेण्याची खटपट केली. त्यांत मात्र पंडित जिंकले.

ज्याला स्वतःच्या नांवावर एक एकर शेत करतां येत नव्हतें, त्याला दुसऱ्याच्या अंगणाची निगा राखण्यास कोणाचीच आडकाठी नव्हती. या धंद्याला भांडवल थोडें लागे: गवत कापण्याचें यंत्र, दंताळें, कात्री, आणि पुढें सामान वाहण्यापुरती एखादी जुनी मोटार. इंग्रजी मोडकें असलें तरी चालून जाई. कामाची रीत आपल्याकडील दुधाच्या रतिबासारखी होती. अमक्या वारीं अमकें घर, आठवड्यांतून एक फेरी, महिन्याच्या अखेरीस पैसे. नवा आलेला मनुष्य आधीं जुन्याच्या हाताखालीं राबे, मग स्वतःचीं घरें मिळवी. हा रतीब पुढें विकतांहि येऊं लागला. निवृत्त होणारा माळी आपलीं ठरलेलीं गिऱ्हाइकें दुसऱ्यास पैसे घेऊन देई. जमिनीवर हक्क नसलेल्या माणसांनीं जमिनीशिवाय उभी राहणारी मिळकत निर्माण केली, ही त्यांची कर्तबगारी लहान म्हणतां येणार नाहीं. १९३० नंतरच्या मंदींत मजुरीचे दर टिकविण्यासाठीं त्यांनीं आपले संघहि स्थापिले.

जपानी मनुष्य जन्मतःच माळी असतो, अशी गिऱ्हाइकांची समजूत असे. ही समजूत मोठी सोयीची होती. दुसरे धंदे त्याला का मिळत नाहींत, हा प्रश्न तिच्यामुळें कोणास पडत नसे. येथें आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. तेथील हिरवळींत सर्रास आढळणारें बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळीच होय. दख्खनचा शेतकरी जी मुळासकट खणून काढण्यांत थकून जातो आणि गणपतीला जी दूर्वा म्हणून वाहिली जाते, तीच हरळी तेथें पाणी घालघालून जोपासली जात होती.

७ डिसेंबर १९४१ रोजीं जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं ९०६६ क्रमांकाच्या हुकुमावर सही केली, आणि पश्चिम किनाऱ्यावरील सुमारें १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना घरांतून उठवून छावण्यांत डांबण्यांत आलें. त्यांतील सुमारें दोनतृतीयांश जन्मानें अमेरिकेचे नागरिक होते. हातीं नेववेल तेवढेंच सामान न्यावयाचें होतें. वर्षानुवर्षें जमविलेले रतीब कांहीं आठवड्यांत नाहींसे झाले. सांता अनिता येथील शर्यतीच्या मैदानावर कित्येक कुटुंबांना घोड्यांच्या तबेल्यांत राहावें लागलें.

लॉस एंजेलिसच्या पुष्कळशा लोकांची रवानगी मान्झनार येथें झाली. मान्झनार या स्पॅनिश शब्दाचा अर्थ सफरचंदांची बाग. तें गांव ओवेन्स खोऱ्यांत होतें. पाण्याच्या हक्कांसाठीं शहरानें तेथील जमिनी १९२० नंतरच्या दशकांत विकत घेतल्या, आणि बागा वाळून गांव ओस पडलें. ज्या खोऱ्याच्या पाण्यावर या माळ्यांनीं शहरांतील हिरवळी जोपासल्या होत्या, त्याच खोऱ्यांत, त्याच शहराच्या मालकीच्या जमिनीवर, आतां ते कांटेरी तारांच्या आंत कैदी होऊन आले. छावणींत एका वेळीं सुमारें १०,००० माणसें होतीं. वारा सुटला कीं फळ्यांच्या फटींतून धूळ अंथरुणावर येऊन पडे. तेव्हां लोकांनीं बराकींच्या पुढें गवत लावलें. मग दगड आणून तळीं बांधलीं, लहान पूल उभारले. कुइचिरो निशी यांच्या आराखड्याप्रमाणें एक मोठें उद्यानहि झालें. पहाऱ्याचे बुरूज तेथून दिसतच होते.

नोव्हेंबर १९४५ मध्यें छावणी बंद झाली. परत आलेल्यांपैकीं पुष्कळांना घर नव्हतें, दुकान नव्हतें, आणि नोकरी देण्यास कोणी राजी नव्हतें. शिकलेल्या मुलांनींहि बापाप्रमाणें गवत कापण्याचें यंत्र हातीं घेतलें. १९५२ सालीं नागरिकत्वाची आडकाठी दूर झाली, आणि त्याच वर्षीं कॅलिफोर्नियाच्या वरिष्ठ न्यायालयानें सेइ फुजिइ यांच्या खटल्यांत तो जमिनीचा कायदा रद्दबातल ठरविला. कागदावरून तो काढून टाकण्यास मात्र १९५६ चें मतदान यावें लागलें. १९५५ सालीं माळ्यांचा मोठा महासंघ स्थापन झाला होता. १९८८ सालीं अमेरिकन सरकारनें रीतसर क्षमा मागून हयात असलेल्या प्रत्येक बंदिवानास २०,००० डॉलर देण्याचें ठरविलें. तोंपर्यंत पुष्कळ म्हातारे माळी वारले होते.

त्यांच्या नातवंडांनीं दुसरे धंदे धरले, आणि तीं यंत्रें मेक्सिको व मध्य अमेरिकेंतून आलेल्या माणसांच्या हातीं गेलीं. पाला उडविणाऱ्या यंत्राच्या आवाजानें त्रासलेल्या रहिवाशांच्या तक्रारींवरून लॉस एंजेलिस शहरानें पेट्रोलवर चालणाऱ्या अशा यंत्रांवर वस्तीजवळ बंदी घातली, आणि मोडणाऱ्यास तुरुंगाचीहि तरतूद ठेवली. हातानें झाडतां त्याच मजुरींत निम्मीं घरेंहि उरकणार नाहींत, असें माळ्यांचें म्हणणें होतें. जानेवारी १९९८ मध्यें त्यांच्यांतील कांहींजण नगरभवनासमोर उपोषणास बसले. बंदी उठली नाहीं. शिक्षा तेवढी सौम्य झाली.