खणखणीत की बद्द

मेणबत्ती तुझ्या पैशांची आहे, हे आधी लक्षात घे. जपून जाळ.

साल 1893. नोव्हेंबरातला सोमवार. उत्तर वेल्समधलं ब्लायनाय फेस्टिनियोग, चहूबाजूंनी पाटीच्या दगडाच्या ढिगांनी वेढलेलं आणि बाराही महिने ओलं असल्यासारखं दिसणारं गाव. तू 13 वर्षांचा आहेस. 12 वर्षांखालच्या मुलाला आणि कोणत्याही वयाच्या बाईला खाणीत उतरवायचं नाही, असा कायदा 1872 साली झाला. तुझं वय त्यात बसतं, म्हणून तू आज इथे आहेस. डोक्यावर बापाची जुनी टोपी आहे, कापडाची. शिरस्त्राण नावाची वस्तू या गावात अजून कुणी पाहिलेली नाही.

रुळांच्या मधून चालत आत जा. बाहेरचा पाऊस थांबतो आणि आतलं ठिबकणं सुरू होतं. पाचेक मिनिटांत पाठीमागचा उजेड नाण्याएवढा होतो, मग वळणावर तोही जातो. थंडी मात्र बाहेरच्यापेक्षा कमी. इथे उन्हाळा-हिवाळा नाही.

बोगदा संपतो ते कळतं आवाजावरून. पावलांचा प्रतिध्वनी अचानक लांबून यायला लागतो. तू दालनात आला आहेस. मेणबत्तीच्या बुडाला ओल्या मातीचा गोळा लावलेला आहे, तो भिंतीवर थाप. बसला तुझा दिवा. त्या उजेडात तुझे हात दिसतात, समोरचा दगड दिसतो, चार पावलांवरचा माणूस अर्धामुर्धा दिसतो. वर बघू नकोस. वर काही नाहीच, नुसता काळोख.

तो माणूस कड्यावर लटकलाय. दगडात ठोकलेली लोखंडी खुंटी, तिच्यातून आलेली साखळी, साखळीचे वेढे मांडीभोवती. एक पाय भिंतीला रेटून तो दोन्ही हातांनी लांब पहार एकाच भोकात पुन्हा पुन्हा मारतोय. भोक पुरेसं खोल झालं की त्यात सुरुंगाची दारू भरायची. साधी काळी दारू. डायनामाइट नाही, कारण त्याने पाटीच्या दगडाच्या चिंधड्या उडतात आणि चिंधड्यांची कौलं होत नाहीत. दारू भरताना लोखंडी सळई वापरायला बंदी आहे, ठिणगी उडते म्हणून. हेही 1872 च्याच कायद्यात आहे. कायदा इंग्रजीत आहे आणि या दालनातला प्रत्येक माणूस वेल्श बोलतो.

तो खाली उतरतो. मांडीवरची साखळी सोडताना त्या जागी विजारीचं कापड गुळगुळीत झालेलं तुला दिसतं.

"इकडे ये, बाख."

बाख म्हणजे लहानग्या. तो तुझ्या हातात हातोडी देत नाही. स्वतःच भिंतीवर एकदा मारतो. टण्ण. दोन हात सरकून पुन्हा मारतो. थप्.

"ऐकलंस?"

एवढंच तुझं प्रशिक्षण. दुसरं कुठलं मिळणार नाही.

पण ते कमी नाही. बाजारात मडकं घेताना तुझ्या आजीने बोटाच्या पेराने ते वाजवून पाहिलेलं तुला आठवत असेल. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर खाली ठेवायचं. चीर डोळ्यांना दिसली नाही तरी कानाला दिसते. इथे तीच विद्या आहे. खणखणीत वाजणारा दगड मागच्या डोंगराला धरून आहे. बद्द वाजणाऱ्याच्या पाठीमागे पोकळी झालीय. तो आज पडेल किंवा दहा वर्षांनी, पण तो सुटलाय.

तू विचारतोस, मग छतही असंच वाजवून बघायचं का?

तो हसत नाही. वरच्या काळोखाकडे मान करतो.

हे नीट समजून घे, कारण इथली निम्मी मरणं या एका गोष्टीत आहेत. पाटीच्या दगडाचा थर इथे तिरपा आहे, जमिनीत उतरत गेलेला, आणि त्याच्या डोक्यावर कठीण दगडाचा थर. दालन काढताना आधी या कठीण थराच्या लगत खालून वर एक चिंचोळी वाट मारतात आणि ती रुंद करत नेतात. त्या वेळी छत हाताशी असतं. हातोडीने वाजवून बघावं, सुटलेलं पहारीने पाडावं. मग काम खाली सरकतं. महिन्यामागून महिने, वर्षामागून वर्षं तुम्ही तळ खणत जाता आणि छत वर वर जातं. शेवटी ते इतकं उंच होतं की मेणबत्तीचा उजेड पोचत नाही, शिडीला शिडी बांधली तरी हात पोचत नाही. तुमच्याच कामाने तुम्ही ते दूर लोटलेलं असतं. ज्या छताची परीक्षा कानाने करायची, ते कानाच्या टप्प्याबाहेर गेलं. दगड मात्र तिथे आपल्या गतीने सुटत राहतो.

तरी शिड्या बांधता येतात, म्हणशील. येतात. पण तो वेळ कुणाचा?

इथलं काम उक्तं आहे. महिन्याच्या सुरुवातीला मुकादम येतो आणि तुमच्या टोळीशी त्या महिन्याचा भाव ठरवतो. दोघं-तिघं खाली दगड काढणार, दोघं वर गिरणीत तो चिरून कौलं करणार. कौलं मोजली जाणार आणि त्यावर पैसे. मेणबत्ती, दारू, वात हे सगळं त्यातून कापून. शिड्या बांधून छत वाजवण्यात गेलेला दिवस कौलांत मोजला जात नाही. मालक म्हणतो, माझी माणसं अनुभवी आहेत, त्यांना धोका कळतो. खरंच कळतो. ऐकता येतं त्यांना. ऐकण्याचे पैसे मिळत नाहीत.

मोठे अपघात इथे फारसे होत नाहीत, आणि हेच या गावाचं दुर्दैव. कोळशाच्या खाणीत वायूचा भडका उडतो, एका सकाळी शंभर माणसं जातात, लंडनची वर्तमानपत्रं काळी चौकट छापतात. इथे एक दगड पडतो आणि एक माणूस जातो. पुढे कधीतरी आणखी एक. जमिनीखाली काम करणाऱ्यांत मरणाचं प्रमाण इथे कोळशाच्या खाणींपेक्षा जास्त भरलं, पण ते कळायला कुणीतरी बसून बेरीज करावी लागली. ती बेरीज तुझ्या याच दिवसांत चालू आहे. सरकारने नेमलेली समिती साक्षी घेतेय. तिचा अहवाल 1895 मध्ये येईल.

त्या कामातलं मुख्य नाव क्लेमेंट ले नेव्ह फॉस्टर, या भागाचे खाण-निरीक्षक. चार वर्षांनी, 1897 च्या मे महिन्यात, आयल ऑफ मॅन बेटावरच्या स्नेफेल इथल्या शिशाच्या खाणीत विषारी वायूने 20 माणसं मरतील. चौकशीसाठी फॉस्टर स्वतः खाली उतरतील आणि त्याच वायूत सापडतील. आपण मरतोय अशी खात्री होऊन ते वहीत बायकोला निरोपाचे शब्द लिहीत बसतील. वाचतील ते, पण हृदय कायमचं दुखावेल. निरीक्षकांबद्दल खाणीत जे एरवी बोललं जातं ते तुला माहीत आहेच, म्हणून हा एक माणूस सांगितला.

एक मोठी पडझड मात्र होऊन गेलीय, तुझ्या लहानपणी. 1882-83 च्या हिवाळ्यात इथल्याच डोंगरात 60 लाख टनांच्या घरात दगड खाली आला. दोन दालनांमध्ये छत तोलायला जाड भिंती राखून ठेवतात. त्या भिंतीही पाटीच्याच दगडाच्या, म्हणजे विकण्याजोग्या. थोडी इथून तासली, थोडी तिथून. गावात तिला नुसतं 'मोठी पडझड' म्हणतात. ती कुठली, असं कुणी विचारत नाही.

दुपार झाली. काबानमध्ये चल. खाणीच्या पोटात दगड रचून केलेली ही खोली. आत बाकडी, शेगडी आणि उकळून उकळून काळा झालेला चहा. इथे मात्र तू चकित होशील. वादविवाद चाललाय, त्याला अध्यक्ष आहे. कुणी कविता म्हणतंय, रविवारच्या प्रवचनाची चिरफाड होतेय. कोपऱ्यातला एक जण खोकतोय आणि खोकला संपेपर्यंत वक्ता थांबलाय.

गावात 1848 पासून दवाखाना आहे, कामगारांच्या पगारातून त्याची वर्गणी कापली जाते. या खोकल्याला खाणीचे डॉक्टर कारण सांगतात ते चहाचं. तुम्ही लोक चहा फार उकळता. दगडाची धूळ? तिने काही होत नाही. उत्तर वेल्समधल्याच एका मोठ्या खाणीचा वैद्यकीय अधिकारी तर पुढे 1922 मध्ये सांगणार आहे की ही धूळ आरोग्याला उपकारक आहे.

हसू येत असेल तर क्षणभर तुझ्या स्वतःच्या काळात जा. पहिलीतली पाटी आठव, आणि तिच्यावरची पेन्सिल, जी तू लिहिण्यापेक्षा खाल्ली जास्त. ती बहुधा मंदसौरची होती, मध्य प्रदेशातली. विजेच्या करवतीवर ती कापणाऱ्यांची छाती अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तपासली, तेव्हा निम्म्याहून जास्त लोकांची फुप्फुसं दगडाच्या धुळीने निकामी होत चाललेली सापडली. त्यांच्यासाठी कल्याण निधीचा कायदा आला 1982 मध्ये. चहाला तिथे दोष दिला गेला का, कोण जाणे.

आता 1941. त्याच गावाजवळ मानोदच्या डोंगरात चल. लंडनवर बाँब पडताहेत. नॅशनल गॅलरीची चित्रं देशाबाहेर पाठवायला चर्चिलने नकार दिलाय. लपवायची तर इथेच कुठेतरी भुईखाली. म्हणून खाणीचं तोंड सुरुंग लावून मोठं केलंय, कारण व्हॅन डाइकने रंगवलेला घोड्यावरचा राजा चार्ल्स जुन्या तोंडातून आत जाईना. एका पुलाखालचा रस्ताही त्याच्यासाठी खोल केलाय. दालनांच्या पोटात विटांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. आत तापमान 17 अंश, हवेत आर्द्रता 42 टक्के, दिवसरात्र सारखी. विजेचे दिवे आहेत. धूळ चित्रांवर बसू नये म्हणून खटाटोप आहे. आणि वर छतावर नजर ठेवायला माणसं नेमली आहेत, खाणीतलीच, कान तयार असलेली.

मला चित्रांबद्दल आकस नाही. ती वाचली हे बरंच झालं. पण तू, 1893 चा 13 वर्षांचा पोरगा, त्या उजळलेल्या दालनात टोपी हातात घेऊन उभा आहेस आणि तुला कळतंय की हे सगळं करता येत होतं. दगड तोच, कान तेच. फक्त वेळेचे पैसे कुणीतरी भरलेत.

पुढची वर्षं भराभर जाऊ देत. ज्यांच्या खाणी बंद पडल्या, ज्यांना भरपाई मागायला मालकच उरला नाही, अशा धुळीने पोखरलेल्या कामगारांसाठी ब्रिटनने कायदा केला 1979 मध्ये. अमेरिकेत 1977 च्या कायद्याने नव्या भूमिगत खाण-कामगाराला आधी 40 तासांचं प्रशिक्षण द्यावं लागतं. चुनखडीच्या खाणीतही छत वाजवून बघायला शिकवतात. लांब दांड्याची पहार, आणि तोच प्रश्न, आवाज कसा आला. मला त्या कायद्यातलं आवडतं ते दुसरंच एक कलम. हे प्रशिक्षण कामाच्या वेळात झालं पाहिजे आणि त्या तासांचा पगार नेहमीसारखा मिळाला पाहिजे.

शेवटचा थांबा, आजचा. ल्लेखवेदची खाण, तेच गाव. तू तिकीट काढलंयस. 2021 पासून हा सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. दारातच तुझ्या डोक्यावर शिरस्त्राण चढतं, पट्टा नीट बसलाय का ते एक मुलगी स्वतः बघते. मग सूचना: रांग सोडू नका, कठड्याला धरा, ओल्या पायऱ्यांवर जपून. थोड्या वेळासाठी खाली जाणाऱ्या पाहुण्याला एवढं मिळतं. अत्यंत तीव्र उतारावरून गाडी तुला खाली सोडते.

दालनात गाइड बोलत असते, रांग पुढे सरकते. तू मागे रेंगाळतोस. भिंतीवर बोटाच्या पेराने वाजवून बघतोस, सवयीने. मग हातातल्या बॅटरीचा झोत वर नेतोस. भिंतीवर पहारीची अर्धी राहिलेली भोकं, एक गंजलेली खुंटी, तिला लोंबणारे साखळीचे चार दुवे. झोत आणखी वर. आणि मग ते दिसतं, इतक्या वर, तिरपं, काळंशार, एका बाजूने उललेलं: छत.